छिद्रं मोजू नका, रक्ताची वाट विचारा

गेल्या अंकात मी हृदयाच्या पडद्यातल्या साध्या छिद्राबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बरीच पत्रं अशा घरांतून आली, जिथे बाळाच्या इको रिपोर्टवर एकाखाली एक दोन-तीन-चार नावं लिहिलेली आहेत. जिवंत जन्मलेल्या हजार बाळांत साधारण आठ-नऊ बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो आणि त्यातले बरेचसे दोष एकेकटे, साधे असतात. दोन-तीन दोष एकत्र येऊन वेगळाच पेच झालेली मुलं थोडी. त्यामुळे त्यांच्या आईवडिलांना शेजारीपाजारी, नात्यात, अगदी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा आपल्यासारखं कुणी भेटत नाही. मग ते रिपोर्टवरची नावं मोजतात आणि आकडा मोठा दिसला की खचतात.

मी स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करते, कॅथ म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयात बारीक नळी घालून तपासणी करते आणि ऑपरेशन चालू असताना बाळाच्या अन्ननलिकेत प्रोब घालून दुरुस्ती नीट उतरली का, ते सर्जनना तिथल्या तिथे दाखवते. इतकी वर्षं हे पाहून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. एक दोष दुसऱ्याला सावरून धरतो, तर कधी त्याचा धोका दुप्पट करतो. त्यामुळे दोष किती आहेत, यापेक्षा रक्त कुठून कुठे जातंय आणि फुप्फुसात किती पोचतंय, हे डॉक्टरांना विचारा. निवडलेल्या पत्रांतली नावं आणि ओळखीच्या खुणा काढून टाकल्या आहेत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. इकोत ‘कम्प्लीट एव्हीएसडी’ आणि ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ असं दोन्ही लिहिलंय. सॅच्युरेशन (रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण) ८८ असतं. आम्ही थेरपीला जातो तिथल्या एका डाऊनच्या मुलाला नुसता एव्हीएसडी होता, त्याचं ऑपरेशन चौथ्या महिन्यातच झालं. आमच्या मुलीला दोन-दोन आजार, तरी डॉक्टर म्हणतात, वजन वाढू दे, थांबू. आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून टाळत तर नाहीत ना? सासूबाई म्हणतात, मी ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं.
— एक आई, मांजरी

उत्तर : ताई, पैशाची शंका आधी काढून टाका. माझ्यापुढे कुणाचंही बाळ हा रिपोर्ट घेऊन आलं असतं, तरी मी हेच म्हटलं असतं.

आता त्या मुलाचं आणि तुमच्या मुलीचं हृदय शेजारी ठेवून बघू. एव्हीएसडीत हृदयाच्या मधोमध, जिथे वरचा पडदा, खालचा पडदा आणि दोन झडपा जुळतात, तिथलं बांधकाम अपुरं राहिलेलं असतं. वरखाली मिळून एक मोठं भगदाड आणि दोन झडपांऐवजी एकच सामायिक झडप. नुसता एवढाच दोष असला, तर डाव्या बाजूचं रक्त त्या भगदाडातून जोराने फुप्फुसात शिरतं. बाळ दूध पिताना घामाघूम होतं, वजन धरत नाही, सारखा न्यूमोनिया होतो. त्या दाबाने फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होत जातात आणि डाऊनच्या मुलांत हे लवकर घडतं. एकदा त्या कायमच्या कडक झाल्या, की भगदाड बुजवणंच जिवावर बेततं. म्हणून त्या मुलाला थांबवून चालणार नव्हतं. तीन ते सहा महिन्यांच्या आत ते ऑपरेशन व्हायला हवं.

फॅलोत खालच्या पडद्यात छिद्र असतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. म्हणजे तुमच्या मुलीत ही वाट मुळातच अरुंद आहे. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असला की खालच्या पाइपावर जोर येत नाही, तसं तिच्या फुप्फुसांवर तो मारा होत नाही. किंमत एवढीच, की थोडं निळं, म्हणजे प्राणवायू कमी असलेलं, रक्त शरीरात जातं आणि सॅच्युरेशन ८८ दिसतं. तिचा दुसरा दोष आज पहिल्या दोषापासून तिचं रक्षण करतोय. त्यामुळे वजन वाढायला वेळ मिळतो, झडपेचा पातळ पडदा थोडा जाड आणि शिवण्याजोगा होतो. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास, सगळं एकाच ऑपरेशनमध्ये करणं सोपं जातं.

ते ऑपरेशन कसं असतं, हे थोडं सांगते, कारण आईला ते कळावं असं मला वाटतं. हृदयाभोवतीच्या आवरणाचा एक तुकडा कापून तो औषधात बुडवून चिवट करतात. साध्या एव्हीएसडीत खालच्या छिद्रावर अर्धवर्तुळाकार ठिगळ बसतं. फॅलो सोबत असला की छिद्र वर महाधमनीच्या तोंडाखालपर्यंत पसरलेलं असतं, म्हणून ठिगळ स्वल्पविरामाच्या आकारात कापावं लागतं. सर्जन ते चिमट्यात धरून, छिद्राला लावून बघतात, काढतात, कात्रीने कडेचा एखादा मिलिमीटर कमी करतात, पुन्हा लावतात. वरचा फुगीर भाग अपुरा पडला, तर शरीराला जाणाऱ्या रक्ताची वाट आवळते. मग सामायिक झडपेच्या दोन झडपा करायच्या आणि शेवटी फुप्फुसाची वाट रुंद करायची. डावीकडची नवी झडप पुढे काही मुलांत गळते, त्यामुळे ऑपरेशननंतरही दरवर्षी इको चुकवायचा नाही.

आता थांबायचं म्हणजे काय काय सांभाळायचं, ते लिहून घ्या. सकाळी उठल्यावर, जोरात रडल्यावर किंवा शी करताना ती एकाएकी जास्त निळी-काळी पडली, भराभर श्वास घेऊ लागली आणि मग मलूल झाली, तर तिचे दोन्ही गुडघे छातीशी दाबून धरा, तिला छातीशी घ्या, शांत करा आणि थेट रुग्णालय गाठा. असा झटका एकदा जरी आला तरी थांबण्याचा हिशेब बदलतो. सॅच्युरेशन सतत ७५-८०च्या खाली राहू लागलं तरीही. जुलाब-उलट्यांत अंगातलं पाणी कमी झालं की हे झटके येतात, म्हणून साध्या जुलाबालाही दवाखाना. आणि हिमोग्लोबिन तपासा. दुसऱ्या बाळाला ११ चालतं, निळ्या बाळाला ते कमी पडतं. लोहाचं औषध लिहून दिलं असेल, तर दुधात कालवून देऊ नका. डाऊन आहे म्हणून थायरॉइडची तपासणीही करून घ्या.

मध्येच सॅच्युरेशन उतरलं, तर पूर्ण दुरुस्तीऐवजी आधी एक बारीक कृत्रिम नळी टाकतात. साडेतीन-चार मिलिमीटरची ही नळी हाताकडे जाणाऱ्या धमनीतलं रक्त फुप्फुसाच्या धमनीत आणते. हिचं मूळ रूप म्हणजे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २९ नोव्हेंबर १९४४ रोजी एका निळ्या बाळावर झालेली शस्त्रक्रिया. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची, सुरी डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या हातात. आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कसा घ्यायचा ते सांगत होते व्हिव्हियन थॉमस. या कृष्णवर्णीय तंत्रज्ञांकडे वैद्यकाची पदवी नव्हती, पण प्रयोगशाळेत ती जोडणी त्यांनीच बसवली होती. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी त्यांचं नाव सांगते.

राहिलं ग्रहण. बाळाचं हृदय गर्भाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतं. पुष्कळ बायकांना तेव्हा दिवस गेल्याचंही ठाऊक नसतं. तुमच्या मुलीत एकविसावं गुणसूत्र एक जादा आहे आणि डाऊनच्या जवळजवळ निम्म्या मुलांत हृदयाचा दोष असतो. तुम्ही काही चिरलं, झोपलात, बाहेर गेलात, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवा. पुढच्या तपासणीला त्यांनाही सोबत आणा. गुडघे छातीशी कसे धरायचे ते त्यांनाही शिकवायचं आहे.

प्रश्न : माझा मुलगा दोन महिन्यांचा. पालथा झोपवला की शांत असतो, उताणा केला की छातीतून घरघर आणि धाप. गावात दम्याचा पंप सुरू केला, फरक नाही. मग इको, त्यात ‘फॅलो विथ ॲबसेंट पल्मनरी व्हॉल्व्ह’. मला सांगितलं की फॅलोचं ऑपरेशन वर्षाचा झाल्यावर करतात. मी द्राक्षबागेत मजुरी करतो, खर्च झेपणार नाही.
— एक वडील, जुन्नर तालुका

उत्तर : दादा, वर्षभर थांबू नका. वरच्या पत्रातल्या बाळाच्या रिपोर्टवरही फॅलो हेच नाव आहे, पण तिचा सल्ला तुम्हाला लागू नाही.

तुमच्या बाळात फुप्फुसाच्या धमनीच्या तोंडाशी झडप नीट तयारच झालेली नाही. तिथे रक्त पुढे जातं, पुन्हा मागे येतं आणि पोटात असल्यापासून हे चालू असल्याने पुढच्या दोन्ही धमन्या फुगून मोठ्या झाल्या आहेत. त्यांच्या मागेच श्वासनलिकेच्या शाखा असतात. बाळ उताणं झालं की फुगलेल्या धमन्या त्या शाखांवर चेपतात. पालथं झालं की धमन्या पुढे झुकतात आणि हवेची वाट मोकळी होते. तुमच्या लक्षात हे आलं, ही मोठी गोष्ट आहे. डॉक्टरांना भेटाल तेव्हा पहिलं वाक्य हेच सांगा. तोवर पालथंच झोपवा, पण कुणीतरी जागं आणि जवळ असायला हवं.

श्वासाचा त्रास असलेल्या अशा बाळांचं ऑपरेशन लवकर करतात. छिद्र बंद करायचं, फुगलेल्या धमन्या कापून-शिवून लहान करायच्या, गरज वाटली तर त्या महाधमनीच्या पुढे आणायच्या म्हणजे श्वासनलिकेवरचा भार जातो, आणि बहुतेकदा झडपही बसवायची. त्याआधी सीटी स्कॅन हवा आणि त्यात धमन्यांइतकाच श्वासमार्गही नीट बघायला हवा. एक गोष्ट तुम्हाला आधीच माहीत असावी. श्वासनलिकेच्या शाखा जन्मापासून दबलेल्या असल्याने मऊ राहिलेल्या असतात, त्यामुळे हृदय दुरुस्त झालं तरी काही मुलांत घरघर पुढे बरेच महिने टिकते, काहींना व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही. शिवाय २२क्यू११ नावाची गुणसूत्राची तपासणी आणि रक्तातलं कॅल्शियम, या दोन्ही गोष्टी विसरू देऊ नका. या प्रकारच्या फॅलोत तो गुणसूत्रदोष पुष्कळदा सापडतो.

खर्चाचं सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून चालू आहे आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची हृदयशस्त्रक्रिया त्यात मोफत होते. अंगणवाडी तपासणारं जे पथक गावात येतं, ते त्याच कार्यक्रमाचं. पथक येण्याची वाट न बघता ग्रामीण रुग्णालयात जाऊन त्यांच्या डॉक्टरांना इको दाखवा, ते पुढे पाठवतात. त्याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार लागतं. बाळाचं आधार नसेल तर जन्मदाखला घेऊन आजच चौकशी करा. पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के सवलतीत द्याव्या लागतात, त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं, बिलिंगच्या खिडकीवर नाही. आणि नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांची हृदयशस्त्रक्रिया पूर्णपणे मोफत होते. कुठेही जाताना इकोच्या आणि सीटीच्या सीडी सोबत न्या. कागदावरच्या चार ओळींवरून कोणताही सर्जन निर्णय देऊ शकत नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार वि. वि. माझा नातू तीन वर्षांचा आहे. रिपोर्टमध्ये डेक्स्ट्रोकार्डिया, करेक्टेड ट्रान्सपोझिशन, मोठा व्हीएसडी आणि पल्मनरी स्टेनोसिस अशी चार नावं आहेत. पोटातले अवयव जागच्या जागी आहेत असं लिहिलंय. सॅच्युरेशन ८२. पर्वतीवर नेला तर थोड्या पायऱ्या चढून उकिडवा बसतो. एका सर्जननी ‘सेनिंग-रॅस्टेली’ सुचवलं, दुसऱ्यांनी ‘आता ग्लेन, पुढे फॉन्टन’. दोघेही नावाजलेले. मतं इतकी भिन्न कशी? मी निवृत्त अभियंता आहे, सविस्तर लिहिलंत तरी समजेल.
— एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : काका, तुम्ही अभियंता आहात म्हणून मनापासून सविस्तर लिहिते.

असं हृदय वाचताना आम्ही तीन मजले वेगवेगळे वाचतो : वरचे कप्पे, खालचे कप्पे, मोठ्या धमन्या. प्रत्येक मजल्यावर डावं-उजवं काय आहे आणि एक मजला दुसऱ्याला कसा जोडला आहे, एवढंच बघायचं. हृदय छातीत उजवीकडे आहे की डावीकडे, ही बाब त्यानंतरची. नातवाच्या हृदयात पहिली जोडणी उलटी आहे आणि दुसरीही उलटी आहे. शरीरातलं निळं रक्त वरच्या उजव्या कप्प्यात येतं, तिथून डाव्या घडणीच्या खालच्या कप्प्यात जातं, पण तो कप्पा फुप्फुसाच्या धमनीला जोडलेला आहे. म्हणजे निळं रक्त फुप्फुसातच पोचतं. तसंच लाल रक्त उजव्या घडणीच्या कप्प्यातून महाधमनीत. दोन उलट जोडण्यांमुळे वाट बरोबर लागली, म्हणून नाव ‘करेक्टेड ट्रान्सपोझिशन’. एवढंच असतं, तर कदाचित चाळिशीपर्यंत कुणाला कळलंही नसतं. अडचण अशी, की शरीरभर रक्त ढकलण्याचं काम उजव्या घडणीच्या कप्प्यावर पडलं आहे. तो फुप्फुसाच्या कमी दाबासाठी घडलेला असतो. वर्षानुवर्षं जादा दाब सोसून तो थकतो, त्याची झडप गळू लागते.

नातवात यात भर पडली ती खालच्या पडद्यातल्या मोठ्या छिद्राची (व्हीएसडी) आणि फुप्फुसाच्या अरुंद वाटेची (पल्मनरी स्टेनोसिस). निळ्या रक्ताला फुप्फुसाकडे जायला अडथळा, म्हणून ते छिद्रातून महाधमनीत जातं, सॅच्युरेशन ८२. पण याच दोन गोष्टींमुळे त्याचा डाव्या घडणीचा कप्पा जन्मापासून जास्त दाबाविरुद्ध काम करतोय. तो बळकट राहिला आहे. छिद्र आणि अरुंदपणा नसलेल्या मुलात हाच कप्पा सुस्तावतो आणि मोठ्या ऑपरेशनआधी धमनीभोवती पट्टी आवळून त्याला महिनोन्महिने तयार करावं लागतं. तुमच्या नातवाला ती पायरी लागत नाही. फुप्फुसंही जादा दाबापासून वाचली आहेत, आणि दोन्ही सर्जनांच्या योजना त्यावरच उभ्या आहेत.

पहिली योजना : वरच्या मजल्यावर रक्ताची अदलाबदल करायची. ही शस्त्रक्रिया स्वीडनच्या ओके सेनिंग यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस केली, तीही कप्प्याच्या स्वतःच्या भिंतींच्या घड्या घालून. आणि खाली छिद्रातून बोगदा काढून डाव्या कप्प्याचं रक्त महाधमनीत न्यायचं, उजव्या कप्प्यापासून फुप्फुसापर्यंत नवी नळी टाकायची. हा भाग जियानकार्लो रॅस्टेली यांच्या नावाचा, १९६०च्या दशकाच्या अखेरचा. यानंतर बळकट पंप शरीराकडे, हलका पंप फुप्फुसाकडे. दीर्घकाळाचा विचार केला तर हीच रचना मला सर्वांत जास्त आवडते. पण ऑपरेशन फार मोठं असतं, हृदय बराच वेळ थांबवून ठेवावं लागतं आणि नळी मुलाबरोबर वाढत नाही, ती पुढे बदलावी लागते.

दुसरी योजना : दोन्ही कप्पे शरीरासाठी ठेवायचे आणि निळं रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसात सोडायचं. आधी ग्लेनमध्ये वरच्या अर्ध्या अंगाचं, मग काही वर्षांनी फॉन्टनमध्ये खालच्या अर्ध्या अंगाचं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या फॉन्टन यांनी हे १९६८मध्ये पहिल्यांदा केलं आणि १९७१मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांचे रुग्ण एक झडपच नसलेले होते, म्हणजे खरोखर एकाच कामाच्या कप्प्याचे. ऑपरेशन त्यामानाने सोपं, सुरुवातीचा धोका कमी. पण पुढे आयुष्यभर शिरांमधला दाब चढा राहतो, यकृतावर ताण येतो, काहींत आतड्यातून प्रथिनं वाहून जातात, हृदयाचा ठेका बिघडतो.

मग मतभेद कशामुळे? बहुधा तीन मोजमापांमुळे. छिद्र महाधमनीच्या तोंडाजवळ आहे की दूर, यावर बोगदा सरळ जाईल की अडेल हे ठरतं. छिद्र लहान असेल किंवा झडपेच्या दोऱ्या त्यातून पलीकडे गेलेल्या असतील, तर बोगदा काढताच येत नाही, आणि तिथे फॉन्टनचा मार्ग सुचवणं हाच प्रामाणिकपणा. तिसरी गोष्ट हृदय उजवीकडे असण्याची, म्हणजे डेक्स्ट्रोकार्डियाची. हृदयाचं टोक उजवीकडे वळलेलं असलं की ते नेमकं त्या वरच्या कप्प्यावर येऊन बसतं, ज्यात सेनिंगच्या घड्या घालायच्या. कप्पा लहान असतो, हात पोचत नाही. अशा वेळी मी सर्जनना टेबलाच्या नेहमीच्या उजव्या बाजूऐवजी डाव्या बाजूला जाऊन उभं राहताना पाहिलं आहे. काही केंद्रांत यावर मधला मार्ग काढतात. वरच्या अर्ध्या अंगाचं रक्त ग्लेनने फुप्फुसात आणि अदलाबदल फक्त खालून येणाऱ्या रक्ताची. दोन्ही सर्जनना या तिसऱ्या पर्यायाबद्दल जरूर विचारा. आणखी एक जुना पर्याय म्हणजे नुसतं छिद्र बंद करून नळी टाकायची आणि उजव्या घडणीचा पंप शरीराकडेच ठेवायचा. तीन वर्षांच्या मुलात, दुसरा मार्ग शक्य असताना, मी तो निवडणार नाही.

आणखी एक : या प्रकारच्या हृदयात ठेका वाहून नेणारा तंतू नेहमीच्या जागेवरून जात नाही, तो पुढच्या बाजूने, छिद्राच्या वरच्या कडेने जातो. छिद्र शिवताना तो दुखावू शकतो. ऑपरेशन न करताही दरवर्षी साधारण दोन टक्के रुग्णांत हा मार्ग पूर्ण बंद पडतो. म्हणून वर्षातून एकदा चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे हृदयाच्या ठेक्याची सलग नोंद, आणि तो कधी चक्कर येऊन पडला किंवा नाडी फारच मंद लागली तर त्याच दिवशी ईसीजी. ईसीजी काढणाऱ्याला हृदय उजवीकडे आहे हे सांगायचं, नाहीतर पट्टीवर भलतंच दिसतं.

आता करायचं काय? एकच ताजा सीटी आणि फुप्फुसातला दाब मोजणारा कॅथ, दोन्ही सर्जनांपुढे ठेवा. दोघांना वेगवेगळं भेटून मतांची तुलना करत बसू नका. ‘तुम्ही दोघं एकमेकांशी बोलाल का?’ असं सरळ विचारा. चांगला सर्जन यात कमीपणा मानत नाही. छिद्र आणि महाधमनी यांचं नातं दाखवणारं हृदयाचं थ्री-डी प्रिंट करून मिळत असेल, तर करून घ्या. असं ऑपरेशन त्या केंद्रात किती वेळा झालंय आणि ती मुलं आज कशी आहेत, हे विचारणं तुमचा हक्क आहे. आणि ८२ सॅच्युरेशन घेऊन दोन-तीन वर्षं मतं गोळा करण्यात घालवू नका, काही महिन्यांत निर्णय व्हायला हवा.

पर्वतीवर तो उकिडवा बसतो तेव्हा त्याला हाताला धरून उठवू नका. तसं बसल्याने पायांकडच्या धमन्या दाबल्या जातात, शरीराकडचा दाब वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. त्याला कुणी शिकवलेलं नाही, त्याचं शरीर ते शोधून काढतं. त्याच्याशेजारी बसा, तो आपण होऊन उठेल.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसलं. पळायला काही त्रास नाही.
— एक विद्यार्थी, भोर

उत्तर : एकदा इको आणि पोटाची सोनोग्राफी करून घे. यकृतही डावीकडे असेल, म्हणजे सगळंच आरशातल्यासारखं उलटं असेल, तर हृदय आतून निरोगी असण्याची शक्यता भरपूर असते. अवयव जागच्या जागी आणि हृदय तेवढं उजवीकडे असलं, तर आत दोष असण्याची शक्यता जास्त, मग इको बारकाईने हवा. लहानपणापासून सर्दी, सायनस, कफ सारखा असेल तर छातीच्या डॉक्टरांनाही दाखव. अवयव उलटे निघाले तर घरच्यांना सांगून ठेव, तुझं ॲपेंडिक्स दुखलं तर ते डावीकडे दुखेल. भरतीच्या तपासणीत लपवू नकोस, इकोचा रिपोर्ट सोबत ने.

प्रश्न : मी २६ वर्षांची. पाचव्या वर्षी माझं फॅलोचं ऑपरेशन झालं. तेव्हा ‘कोरोनरी आडवी जात होती म्हणून कंड्युइट टाकली’ असं कागदावर आहे. दहावीनंतर तपासणी झाली नाही. आता सिंहगड चढताना धाप लागते. नवीन इकोत कंड्युइट आखडली आहे, गळतीही आहे, असं आलंय. लग्न ठरतंय. आई म्हणते, ऑपरेशन झालंय, विषय संपला, सांगायची गरज नाही. मूल होऊ शकेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : फॅलोच्या थोड्या रुग्णांत, शंभरात साधारण पाचांत, हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी कोरोनरी चुकीच्या बाजूने निघून नेमकी त्या अरुंद वाटेवरून आडवी जाते. एरवी ती वाट चिरून रुंद करतात. इथे चिरली तर कोरोनरी तुटेल. म्हणून तुझ्या सर्जननी तिच्यावरून नळी, म्हणजेच कंड्युइट, नेली. ते बरोबरच होतं. पाच वर्षांच्या मुलीला बसवलेली नळी सव्विसाव्या वर्षी आखडणार, हेही ओघाने आलंच.

आधी हृदयाचा एमआरआय आणि ट्रेडमिल. आता बऱ्याच रुग्णांत पायाच्या शिरेतून नवी झडप जुन्या नळीत बसवता येते, छाती उघडावी लागत नाही. पण तुझ्या बाबतीत एक चाचणी टाळता येणार नाही. झडप बसवण्याआधी नळीत फुगा फुगवायचा आणि त्याच वेळी कोरोनरीत एक्स-रेत दिसणारा डाय सोडून ती दबत नाही ना, ते बघायचं. दबली, तर ऑपरेशनच करावं लागतं. त्या वेळी शक्यतो जैविक झडप निवडा. धातूच्या झडपेला वॉरफरिन लागतं आणि गरोदरपणात ते मोठं जोखमीचं औषध आहे.

मूल होऊ शकेल. आधी झडपेचं काम उरकायचं, मग दिवस जाऊ द्यायचे, या क्रमाने. फॅलो दुरुस्त झालेल्या पुष्कळ बायकांची बाळंतपणं सुखरूप होतात. बाळात हृदयदोष येण्याची शक्यता साधारण तीन ते पाच टक्के. तुझी २२क्यू११ तपासणी मात्र आधी करून घे. ती सदोष निघाली तर ही शक्यता खूप वाढते, कारण तो गुणसूत्रदोष निम्म्या बाळांत जातो. १८ ते २० आठवड्यांत गर्भाचा इको, आणि प्रसूती जिथे हृदयरोगतज्ज्ञ हाताशी आहेत अशा ठिकाणी.

आईचं म्हणणं मला मान्य नाही. त्या मुलाला तू स्वतः सांग, आणि मध्यस्थांच्या तोंडून न सांगता समोर बसून सांग. हवं तर एमआरआयचा निकाल घ्यायला त्याला बरोबर घेऊन ये, त्याचे प्रश्न त्याला डॉक्टरांनाच विचारू दे. आणि या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. दात काढायचा किंवा हिरडीचं काम करायचं असेल, तर कंड्युइट असल्याचं सांगून आधी अँटिबायोटिक घे. किडक्या दातातून आलेला जंतू त्या नळीवर बसला, तर झडप बदलण्याआधी कित्येक आठवडे सलाइनवर जातील.